जुन्या गाडीचे लपलेले दोष: मिरगाच्या आधी घरी करायची तयारी

सेकंड हँड गाडीचे जे दोष डोळ्यांना दिसतात, त्यांचे पैसे आपण सौदा करतानाच कापून घेतो. नंतर खिसा कापतात ते न दिसणारे. आपल्या बेळगाव भागात त्यातले बरेचसे पाण्यातून सुरू होतात, म्हणून ही तयारी मे महिन्यात, उन्हाचा ताव असताना करायची. तेव्हा कार्पेट एका दिवसात वाळतं. पाऊस लागला की खानापूर-कणकुंबीकडे काहीच वाळायचं नाव घेत नाही. एक गोष्ट आधीच ठरवून टाका: दोष शोधायचं काम सगळं घरी, दुरुस्ती मात्र सगळी घरी नाही. नेमका दोष सांगून मेस्त्रीकडे गेलं की बिल आटोक्यात राहतं. ‘जरा बघा हो गाडी’ म्हणून सोडून आलं की काय होतं ते नव्याने सांगायला नको.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद बघा. सीमाभागात एकाच गल्लीत केए २२, केए २३, एमएच ०९ आणि गोव्याच्या पाट्या उभ्या असतात. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथली नोंदणी करावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. चौदा वर्षांच्या गाडीत नवीन क्लच घालायच्या आधी हे गणित मांडा. आरसीवरचा (नोंदणीपत्रावरचा) चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी आकड्याला आकडा लावून जुळवा.

जागा सपाट हवी, कोबा किंवा फरशी. अंगणातल्या मातीवर जॅक रुततो, तिथे खाली जाड फळी घाला. गाडीतला कात्रीचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन लोखंडी स्टँड विकतच घ्या. जांभ्याचे चिरे परसात पडलेले असतात आणि ‘हे काय, दोन चिरे लावू’ असा मोह होतो. चिरा आणि सिमेंटचा पोकळ ब्लॉक दोन्ही न सांगता फुटतात. ज्या चाकांना उचलायचं नाही, त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पान्यांत ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतचे आणून ठेवा. छोट्या मारुती किंवा ह्युंदाईला १०, १२ आणि १४ चेच जास्त लागतात, आणि १० चा हरवतो म्हणून दोन घ्या. साधा मल्टिमीटर, हँड लॅम्प, लोहचुंबक, नट ठेवायला चार वाट्या आणि गंज सोडवायचा स्प्रे हवा. स्प्रे आदल्या संध्याकाळी मारून ठेवायचा, पाना लावताना नव्हे. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

आता पाण्याकडे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीत, आंबा-फणसाचा पाचोळा साचलेला असतो. त्याखाली पाणी उतरायचं भोक असतं. ते तुंबलं की पाणी एसीच्या ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं आणि बसणाऱ्याच्या पायाखाली साठतं. जाळी काढा, पाचोळा हाताने उचला, मग मगभर पाणी ओता आणि चाकाच्या मागून ते खाली पडतंय का बघा. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. दार उघडझाप करताना आत पाणी डुचमळलं तर ते दार खालून कुजायला लागलंय असं समजा.

मग आत या. नुसते रबरी मॅट उचलून भागत नाही. उंबरठ्याच्या प्लॅस्टिक पट्ट्या काढून कार्पेटच उलटा करा आणि खालचा जाड फोम मुठीत दाबून बघा. वरून कोरडा वाटणारा फोम दाबल्यावर गढूळ पाणी सोडतो, हे दृश्य नवीन नाही. त्याखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर तिथे थांबून खरवडा. बाहेरून चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. गोव्याहून चोर्ला घाट चढून आलेली गाडी असेल तर खारट हवेमुळे हे काम दुप्पट बारकाईने करा.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावर २०१९ आणि २०२१ चा महापूर कुणाला विसरता येणार नाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते, म्हणून तेही तपासाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांवर, पेडलच्या बोल्टवर गाळ किंवा सारखा गंज असेल, डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडले असतील, तर वायरिंग आज चालतंय एवढ्यावर समाधान मानू नका. असल्या गाडीवर पैसे घालत बसण्यापेक्षा परत करायचं बघावं, हे माझं स्पष्ट मत.

किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर इंजिनचा, ऑइलचा, बॅटरीचा आणि एअरबॅग असेल तर तिचा दिवा लागलाच पाहिजे, आणि चालू केल्यावर विझला पाहिजे. जो दिवा लागतच नाही तो न विझणाऱ्यापेक्षा वाईट, कारण कुणीतरी बल्ब काढलेला किंवा चिकटपट्टी मारलेली असू शकते. २०१३ नंतरच्या गाडीला ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा, स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर चालतो. आलेले कोड आधी वहीत लिहा, पुसायची घाई नको. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र घरी हात लावायचा नाही.

विजेला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. एवढं ठीक असूनही दोन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नसेल तर कुठेतरी गळती आहे. निगेटिव्ह केबल काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या. ३०० असेल तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाचेक दिवसांत कोरडी पडते, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी हात टेकतो. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यावर आकडा धपकन खाली येतो, चोर त्या लायनीत. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला टेप, रिव्हर्स कॅमेरा नाहीतर डिकीतला दिवा निघतो. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

सेल्फ जड फिरतोय म्हणून नवीन सेल्फ विकत घ्यायच्या आधी अजून एक बघा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा उघडा लोखंडी भाग यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सेल्फ बिचारा निर्दोष आहे. अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. पॉलिश पेपरने घासायची, नाहीतर नवी घालायची.

ऊसतोड झाली की शेतातले उंदीर घरांकडे वळतात आणि उबदार बॉनेटखाली संसार थाटतात. वायरिंगवर दातांचे ठसे, एअर फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं शोधा. निपाणीकडे तंबाखूला तोटा नाही, त्यामुळे बॉनेटखाली पान बांधून ठेवायचा उपाय सगळे सांगतात. वास आहे तोवर ठीक. खरा उपाय कुरतडलेली वायर नीट जोडून तिच्यावर नळी चढवणं. तिथेच पेट्रोलचे रबरी पाइपही वाकवून बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. चीर दिसली की पाइप बदला.

रेडिएटरचं झाकण थंड इंजिनवरच उघडा. आत तांबडं पाणी असेल तर मागच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. ते काढून स्वच्छ करून कूलंट भरा, पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरनेच. काढलेलं कूलंट अंगणात सांडू नका: गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ऑइलच्या झाकणाला आतून दुधी साय दिसली तर लगेच डोक्याला हात लावू नका, थोडं थोडं चालवलेल्या गाडीत दमटपणानेही ती येते. ऑइलची दांडी काढा. दांडीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र हेड गास्केट (इंजिनच्या डोक्याखालची सीलबंद पट्टी) गेलंय, आणि ते मेस्त्रीचं काम.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून. वर-खाली लूज असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं असेल तर टाय रॉड. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर तरुण होत नाही.

ब्रेक आणि टायमिंग बेल्ट (इंजिनच्या आतल्या भागांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा) यांचे दोष शोधण्यापुरतेच तुमचे. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, बाहेर कुठे गळतीही नाही, तर दोष मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणाऱ्या पंपाचा. ब्रेक ऑइल काळं झालेलं असेल तर बदलून घ्या, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग घाटात उतरताना उकळतं. जुन्या मारुती ८०० आणि अल्टोच्या आठशे सीसी इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, मारुतीच्या नंतरच्या के सिरीज इंजिनला चेन. बेल्ट कधी बदलला त्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

एवढं झाल्यावरच यादी घेऊन पार्ट आणायला जा, त्याआधी नाही. जुना पार्ट हातात असू दे, गाडीचं महिना-वर्ष तोंडपाठ असू दे. ब्रेकच्या ड्रमला टर्निंग किंवा तुटलेला स्टड काढायचा असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला लेथवाला ते काम हसत हसत करतो, फक्त साफ करून न्या.

शेवटी गाडी रस्त्यावर घ्या. निपाणीकडून येताना तवंदीचा घाट चढवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा चढावर चढून सपाटीला खाली आला तर रेडिएटर अजून पुरता मोकळा झालेला नाही. परत आल्यावर लगेच चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, टेकवू नका. पुढची दोन एकमेकांशी, मागची दोन एकमेकांशी ताडून बघा. जोडीतलं एक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय, आणि ते चाक मेस्त्रीच्या यादीत सर्वांत वर लिहा.