नवीन कन्सोल हिट की फ्लॉप? सांगण्याआधी या चुका टाळा

नवीन कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, आलं की ग्रुपवर तासाभरात निकाल लागतो. एकतर "सोल्ड आउट झालं, सुपरहिट" नाहीतर "एवढे पैसे कोण देणार, गेलं बाराच्या भावात". वर्षानुवर्षं हेच ऐकतोय आणि आता खरंच वैताग आलाय, कारण ह्याच घाईत पोरं घरच्यांचे पैसे घालवून बसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या दिवसाचा गल्ला बघून निकाल देणं. सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट घ्या. ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत आलं, किंमत १९९ डॉलर, सोबत १८ गेम आणि पहिल्या २४ तासांत जवळपास १० कोटी डॉलरची विक्री! पण जानेवारी २००१ संपता संपता सेगाने जाहीर केलं की उत्पादन बंद करतोय. मशीन झकास होतं, त्याच्यासाठी मी आजही भांडेन. पण ईए ह्या बड्या गेम कंपनीने त्याच्यासाठी एकही गेम काढला नाही, पायरेटेड सीडी मशीन उघडून आत काही बदल न करताच चालायच्या, आणि डीव्हीडी चालवणारं सोनीचं प्लेस्टेशन २ (पीएस२) येतंय हे सगळ्यांना माहीत होतं, मग लोकांनी पैसे खिशातच ठेवले.

आणि सेगावरचा भरवसा तर आधीच गेला होता, १९९५ मध्ये. तो किस्सा प्रत्येकाने वाचलाच पाहिजे. सेगाचं आधीचं कन्सोल सॅटर्न अमेरिकेत सप्टेंबरमध्ये येणार असं ठरलेलं, दुकानदार, गेम बनवणारे सगळे त्याच हिशोबाने चाललेले, आणि ११ मे ला लॉस एंजेलिसच्या पहिल्या ई३ ह्या गेमच्या प्रदर्शनात सेगाचे टॉम कॅलिन्स्की स्टेजवरून सांगतात की सॅटर्न आजपासूनच दुकानात आहे, ३९९ डॉलर. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या आधी बाजार पकडायचा म्हणून ही घाई. माल दिला फक्त चार मोठ्या साखळ्यांना. ज्यांना नाही मिळाला ते भडकले, केबी टॉईज ह्या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरच्या कंपन्यांचे गेम सप्टेंबरसाठी चाललेले, त्यामुळे ज्यांनी उत्साहाने मशीन घेतलं त्यांना उन्हाळाभर खेळायला धड काही नाही. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस स्टेजवर आले, प्लेस्टेशनची किंमत "२९९" एवढंच बोलले आणि खाली उतरले. शॉर्टकट मारून चार महिने आधी आलात, पण दुकानदार दुखावला आणि गेम तयार नाहीत, तर त्या चार महिन्यांचं करणार काय?

म्हणून माझी सवय साधी आहे. मी टीझर बघत नाही, पुढच्या वर्षभरात कोणकोणते गेम येतायत आणि ते कोण बनवतंय एवढं बघतो, मग किंमत बघतो. बस.

दुसरी चूक, सोल्ड आउट म्हणजे लोकांची उडी पडली असं समजणं. माल कमी आला असेल तरी सोल्ड आउटच होतो. पीएस५ जगात नोव्हेंबर २०२० ला आलं, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि प्री-ऑर्डर मिनिटांत संपल्या. आमच्या ओळखीतला एक मुलगा इतका कासावीस झाला की एका दुकानात छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजून, वर नको असलेला जास्तीचा कंट्रोलर गळ्यात मारून घेऊन मशीन घरी आणलं. मी बघायला गेलो तर टीव्हीशेजारी पीएस४ च्या डिस्कची चळत लावलेली, आणि हा मशीन हातात धरून चारी बाजूंनी डिस्क घालायची फट शोधतोय. डिजिटल एडिशन घेऊन आला होता! त्याला डिस्क ड्राइव्हच नसतो. दुकानात तेच शिल्लक होतं म्हणून उचललं म्हणाला. खरं तर जुने पीएस४ चे गेम नव्यावर चालतात हा ह्या लॉन्चचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट, नवीन गेम कमी असले तरी मशीन धूळ खात पडत नाही, आणि तोच ह्याने घाईत घालवला.

स्पेक्स बघून पैज लावू नका. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स आणि निन्टेंडोचं गेमक्यूब दोन्ही पीएस२ पेक्षा ताकदवान होते, खपलं पीएस२, १५ कोटींच्या वर.

नावात गोंधळ नको. निन्टेंडोचं वी यू हे नवं मशीन, पण तो आधीच्या वी चा नवीन कंट्रोलर असंच कित्येक आईबापांना वाटलं, वी १० कोटींच्या वर गेलेलं, हे दीड कोटीही नाही.

गिऱ्हाइकाच्या सवयीत हात घालू नका. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन दाखवलं तेव्हा दर २४ तासांनी नेटला जोडायची अट आणि वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं, शिवाय किनेक्ट ह्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलर, समोर पीएस४ ३९९ ला. जूनमध्येच त्या अटी मागे घेतल्या, पण मनं गेली ती गेलीच. आपल्याकडे तर डिस्कची अदलाबदल करूनच अर्ध्या पोरांचं गेमिंग झालंय.

उलट चूकही होते, लवकर मेलं म्हणून मोकळं होणं. निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं ३डीएस मार्च २०११ ला अमेरिकेत २४९ डॉलरला आलं, उठाव नाही, ऑगस्टमध्ये थेट १६९ केलं, पाठोपाठ मारिओचे गेम आले आणि शेवटी साडेसात कोटींच्या वर खपलं. ज्यांनी पाच महिने दम धरला त्यांचे ८० डॉलर वाचले.

आणि पहिल्या बॅचचं मशीन घेणार असाल तर वॉरंटी वाचा, बिल जपून ठेवा. एक्सबॉक्स ३६० च्या लाल रिंगपायी, म्हणजे मशीन बिघडलं की पेटणाऱ्या लाल दिव्यांपायी, मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर बाजूला काढावे लागले. बाहेरून मागवलेल्या मशीनची वॉरंटी इथे चालते का, हे पैसे देण्याआधी विचारा.