एक रेल, तीन ड्रायव्हर: लिनक्स कर्नलमध्ये रेग्युलेटर वाटून घेताना

रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकसाठी बसवायच्या कंट्रोलरचं उदाहरण घेऊ. सोलरवरच्या बोर्डात ३.३ व्होल्टची एकच रेल (वीज पुरवणारी सामाईक तार) आहे आणि तिच्यावर मातीच्या ओलाव्याचा सेन्सर, लोरा रेडिओ (दूरवर थोडी माहिती पाठवणारा) आणि छोटा डिस्प्ले असे तिघं. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) तीन, रेग्युलेटर (रेलचं व्होल्टेज सांभाळणारा भाग) एक.

पांझरेकाठच्या फडात, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या शिवारात, शेतकरी स्वतः पाणी फोडत नाही, ते काम बारेकऱ्याचं. इथला बारेकरी म्हणजे २.६.२७ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) असलेलं रेग्युलेटर फ्रेमवर्क. ड्रायव्हर फक्त मागणी नोंदवतो. 'एनेबल' केलं की मोजणी एकने वाढते, 'डिसेबल'ने घटते. रेल प्रत्यक्षात बंद होते ती मोजणी शून्यावर आल्यावरच.

आधी डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल. 'रेग्युलेटर-फिक्स्ड' नोडमध्ये किमान आणि कमाल दोन्ही ३३००००० मायक्रोव्होल्ट लिहा. एनेबल पिन 'हाय' झाल्यावर रेल चालू होत असेल तर 'एनेबल-ॲक्टिव्ह-हाय' विसरू नका, नाहीतर सगळं उलटं चालेल. मग तिन्ही उपकरणांच्या नोडमध्ये 'व्हीडीडी-सप्लाय' त्याच रेग्युलेटरकडे वळवा. ड्रायव्हरमध्ये नाव मागताना 'व्हीडीडी' एवढंच, 'सप्लाय' जोडायचं नाही. नावात एक अक्षर चुकलं तरी एरर येत नाही. कर्नल डमी (नुसता नावापुरता) रेग्युलेटर हातात देतं आणि ड्रायव्हर खुशाल पुढे जातो. लॉगमध्ये 'डमी' शब्द शोधा. निम्मे घोळ तिथेच सापडतात.

रेग्युलेटर मागताना 'प्रोब डिफर' (नंतर पुन्हा प्रयत्न करा) हे उत्तर आलं तर ते जसंच्या तसं परत करा. रेग्युलेटर अजून नोंदला गेलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

खरी गफलत पुढे आहे. एनेबल केलं म्हणजे चिप नुकतीच चालू झाली असं धरू नका. डिस्प्लेमुळे रेल आधीच चालू असेल तर सेन्सरच्या रजिस्टरात जुन्याच किमती असतात. म्हणून दर वेळी रिसेट पिन हलवा किंवा सॉफ्टवेअर रिसेट द्या. 'इज-एनेबल्ड' विचारूनही भागत नाही. ते रेलची स्थिती सांगतं, तुमची मागणी नोंदली आहे की नाही ते नाही.

एरर आल्यावर बाहेर पडताना डिसेबल करायचं राहून गेलं, तर मोजणी कधीच शून्यावर येत नाही आणि रात्रभरात बॅटरी उतरते. उलट एक डिसेबल जास्त झालं तर 'अनबॅलन्स्ड' इशारा येतो. कोणी किती वेळा धरून ठेवलंय ते डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममधल्या) 'रेग्युलेटर_समरी' फाइलमध्ये दिसतं.

बोर्ड चालू होऊन अर्ध्या मिनिटाने एखादी चिप गप्प होत असेल, तर तिच्या ड्रायव्हरने रेल मागितलेलीच नाही. बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमने) चालू ठेवलेली, पण कोणी न मागितलेली रेल नवी कर्नलं ३० सेकंदांनी बंद करतात. 'ऑलवेज-ऑन' लिहून प्रश्न मिटतो खरा, पण सोलरवर ती पळवाट महागात पडते.

रेल बदलत्या व्होल्टेजची असेल तर कर्नल सगळ्यांच्या मागण्यांचा सामाईक भाग काढतं: ३.० ते ३.६ आणि १.८ ते ३.३ मिळून ३.० ते ३.३. जो काहीच मागत नाही तो मात्र हिशोबात धरला जात नाही. त्यामुळे सर्वांत नाजूक चिपला झेपेल तीच मर्यादा डिव्हाइस ट्रीमध्ये घाला.

अडकलेल्या रेडिओची वीज तोडायची असेल तर वाटलेल्या रेलवर ते जमत नाही. 'फोर्स-डिसेबल' केलं तर बाकीचे दोघंही आडवे होतात. रेडिओला वेगळा लोड स्विच (फक्त त्याची वीज जोडणारा-तोडणारा भाग) द्या आणि तो दुसरा 'रेग्युलेटर-फिक्स्ड' म्हणून लिहा. त्याची 'व्हीआयएन-सप्लाय' मूळ रेलकडे जोडली की रेडिओपुरतं बटण मिळतं.