खबऱ्याचा हेतू कसा लपवावा: युद्धकाळातील हेरकथा लिहिणाऱ्यांसाठी

हेरकथेतील खबऱ्या गूढ वाटावा म्हणून त्याच्या अंगावर काळा ओव्हरकोट चढवण्याची आणि त्याच्या तोंडी अर्धवट वाक्ये घालण्याची लेखकांना घाई असते. त्याऐवजी त्याला फितुरीचे एक पटण्याजोगे कारण द्यावे, आणि ते कारण खोटे असावे.

याचा उत्तम नमुना इतिहासातच सापडतो. ऑक्टोबर 1943 मध्ये तटस्थ तुर्कस्तानातील अंकारा येथे ब्रिटिश राजदूताचा खासगी नोकर एल्येसा बाझना जर्मन दूतावासात गेला आणि गुप्त कागदपत्रांच्या छायाचित्रांच्या दोन रिळांसाठी त्याने 20,000 पौंड मागितले. जर्मनांनी त्याला ‘सिसेरो’ हे टोपणनाव दिले. आपल्या वडिलांचा जीव एका इंग्रजामुळे गेला असे त्याने लुडविग मोयझिश या जर्मन अधिकाऱ्याला सांगितले. ही सूडकथा बनावट होती, पण पैशापेक्षा सूड अधिक उदात्त दिसतो हे त्या नोकराला नेमके ठाऊक होते.

म्हणून लेखनाला बसण्यापूर्वी, खबऱ्या काय सांगतो, त्याला खरोखर काय हवे आहे आणि स्वतःशीही तो काय कबूल करत नाही, हे वहीत वेगवेगळे मांडून ठेवावे. कथा मात्र त्याच्या नजरेतून सांगू नये. त्याच्या मनात शिरून मुख्य गोष्टच दडवली तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते, आणि ते रास्तही आहे. मोयझिशसारख्या, त्याला रात्री गुपचूप भेटणाऱ्या माणसाच्या नजरेतून सांगितली, तर वाचकही त्याच्याबरोबर प्रामाणिकपणे चुकतो.

संशय घेणाऱ्यालाही स्वतःचा हेतू हवा. सिसेरोचे कागद अस्सल होते, तरीही जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला त्यात ब्रिटिशांचा सापळा दिसत होता. त्यातच अंकारातील जर्मन राजदूत फॉन पापेनशी त्याचे वैर होते. खरी बातमी अशा आपसातल्या हेव्यादाव्यांत कुजते, हे दाखवणे कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक थरारक ठरते.

हेतूची खूण संवादात नव्हे, तर वस्तूंत पेरावी: तिजोरीच्या किल्लीचा मेणात घेतलेला ठसा, कॅमेरा, नोकराच्या खोलीतील गालिच्याखाली साठत जाणाऱ्या नोटा. त्या नोटांपैकी बहुतेक नकली होत्या. साक्सेनहाउझेन येथील छळछावणीत कैद्यांकडून जर्मनांनी त्या छापून घेतल्या होत्या, आणि बाझनाला हे युद्ध संपल्यावरच कळले.

हे रहस्य शेवटच्या पानासाठी राखून ठेवण्याचा मोह होईल, पण ते मध्यावरच वाचकाला सांगून टाकावे आणि खबऱ्याला मात्र अंधारात ठेवावे. त्यानंतर तो जेव्हा जेव्हा दार लावून गालिचा उचलेल आणि नोटा मोजू लागेल, तेव्हा लेखकाने एक शब्दही अधिक लिहू नये.