डीडी-२१४ वर न आलेली पदकं: अमेरिकी सैन्यातली नोंद कशी दुरुस्त करून घ्यायची

अमेरिकेच्या सैन्यातून सुटताना हातात पडणारा डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, एक कारकून भरतो, आणि त्या दिवशी त्याच्या टेबलावर जी फाइल असेल तेवढ्यावरूनच भरतो. पदकाचा आदेश युनिटने नंतर काढला किंवा जखमेचा कागद दुसऱ्याच इस्पितळात राहिला, की ते पदक नोंदीतून गळालं. काही पदकं तर सैनिक घरी परतून म्हातारा झाल्यावर अस्तित्वात आली. कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल २००२ च्या कायद्याने आलं, पण ते लागू आहे २८ जुलै १९५४ पासून. त्या तारखेनंतर कोरियात सलग ३० दिवस, किंवा तुकड्यातुकड्याने ६० दिवस, नेमणुकीवर काढलेला सैनिक त्याला पात्र ठरतो. १९६० साली सुटलेल्या माणसाच्या कागदावर ते असणार कुठून?

ही नोंद दुरुस्त होते. अर्जाला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. मात्र ‘हे पदक मिळायला हवं होतं’ एवढ्या म्हणण्याने काही हलत नाही. त्या काळात लिहिला गेलेला कागद दाखवावा लागतो. म्हणून अर्ज लिहिण्यापेक्षा जास्त वेळ फाइल वाचण्यात घालवा.

पूर्ण फाइल मागवा

डीडी-२१४ एकटा पुरत नाही. सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे स्टँडर्ड फॉर्म १८० पाठवा किंवा नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरून मागणी करा. मागणीत ‘संपूर्ण कार्मिक फाइल’ हे शब्द स्पष्ट हवेत, नाहीतर पुष्कळदा फक्त डीडी-२१४ ची प्रत परत येते. वैद्यकीय कागद वेगळे मागा. अलीकडे सुटलेल्यांची फाइल इलेक्ट्रॉनिक असते, ती मिलकनेक्ट या सरकारी संकेतस्थळावरून मागता येते.

सैनिक हयात नसेल तर पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आईवडील, मुलं किंवा भावंडं मागणी करू शकतात. सोबत मृत्यूचा पुरावा लागतो. सेवा संपून ६२ वर्षं झाली असतील तर फाइल अभिलेखागाराची होते आणि शुल्क भरून कुणालाही मिळते. सही मात्र विसरू नका. बिनसहीचा अर्ज तसाच परत येतो.

आता आगीचं. १२ जुलै १९७३ ला या केंद्रात लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या. हवाई दलाच्या २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ मधल्या, आडनाव वर्णानुक्रमे हबर्डच्या पुढचं असलेल्यांच्या, सुमारे ७५ टक्के. ‘फाइल जळाली’ असं उत्तर आलं म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. केंद्र एनए फॉर्म १३०७५ पाठवतं, त्यात युनिट, तारखा आणि ठिकाणं जितकी नेमकी भराल तितका शोध पुढे जातो. कंपनीचे रोजचे मॉर्निंग रिपोर्ट, शेवटच्या पगाराची व्हाउचरं, व्हेटरन्स अफेअर्सकडची (माजी सैनिकांच्या खात्याकडची) दाव्याची फाइल, राज्याच्या ॲडज्युटंट जनरलच्या (राज्याच्या लष्करप्रमुखाच्या) कार्यालयातली प्रत, हे सगळं त्या इमारतीबाहेरचं किंवा आगीतून वाचलेलं. जखमींसाठी आणखी एक आधार आहे: सर्जन जनरलच्या कार्यालयाने तयार केलेल्या, १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातल्या इस्पितळ भरतीच्या नोंदी. त्या सेवा क्रमांकावरून शोधतात, तेव्हा तो क्रमांक आधी हुडकून ठेवा. आर्मीने १ जुलै १९६९ पासून सेवा क्रमांकाऐवजी सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरायला सुरुवात केली. त्याआधीच्या आदेशावर दुसराच क्रमांक दिसला तर तो बहुधा हाच. अर्जात दोन्ही द्या.

फाइल वाचायची कशी

डीडी-२१४ च्या हल्लीच्या नमुन्यात पदकं रकाना १३ मध्ये असतात. व्हिएतनाम काळातल्या १९६६ च्या नमुन्यात तो रकाना २४ आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या आर्मीच्या जवानांकडे डीडी-२१४ नसतोच, डब्ल्यूडी एजीओ ५३-५५ असतो. त्यात रकाना ३२ मध्ये मोहिमा, ३३ मध्ये पदकं, ३४ मध्ये जखमा.

व्हिएतनाम काळातल्या आर्मीच्या जवानासाठी फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद डीए फॉर्म २०, म्हणजे त्याच्या सेवेचं नोंदपत्रक. त्याच्या रकाना ३१ मध्ये परदेशातली सेवा, ३८ मध्ये नेमणुका आणि वर्तनाचे शेरे, ४० मध्ये जखमा, ४१ मध्ये पदकं, ४४ मध्ये वाया गेलेले (विनापरवाना गैरहजेरी वगैरेचे) दिवस. रकाना ४१ आणि डीडी-२१४ शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. निम्मी गळती इथेच सापडते.

उरलेली तारखांत लपलेली असते. समजा रकाना ३१ म्हणतो, व्हिएतनाम, १५ नोव्हेंबर १९६७ ते १४ नोव्हेंबर १९६८, आणि डीडी-२१४ वर नुसतं ‘व्हिएतनाम सर्व्हिस मेडल’ आहे. या बारा महिन्यांत आर्मीच्या यादीतल्या पाच मोहिमा येतात: काउंटरऑफेन्सिव्ह फेज ३ (२९ जानेवारी १९६८ पर्यंत), टेट काउंटरऑफेन्सिव्ह (१ एप्रिलपर्यंत), फेज ४ (३० जूनपर्यंत), फेज ५ (१ नोव्हेंबरपर्यंत) आणि २ नोव्हेंबरला सुरू झालेली फेज ६. प्रत्येक मोहिमेचा फितीवर एक छोटा कांस्य तारा, आणि पाचांच्या जागी एक रुपेरी. म्हणजे नोंद ‘एका रुपेरी ताऱ्यासह’ अशी हवी. युनिटचे सन्मान डीए पॅम्फ्लेट ६७२-३ मध्ये युनिटच्या नावाने शोधायचे, दुसऱ्या महायुद्धासाठी ६७२-१ मध्ये. व्हिएतनाममधल्या आर्मी युनिटांना १९७४ च्या जनरल ऑर्डर क्रमांक ८ ने सरसकट मिळालेलं गॅलंट्री क्रॉस विथ पाम युनिट सायटेशन त्याआधी सुटलेल्यांच्या कागदावर बहुतेक वेळा नसतं.

एक गोंधळ इथेच मिटवू. ‘तीन ब्राँझ स्टारसह व्हिएतनाम सर्व्हिस मेडल’ याचा अर्थ तीन मोहिमा. शौर्य किंवा विशेष कामगिरीबद्दल मिळणारं ब्राँझ स्टार मेडल वेगळं. घरचे लोक पुष्कळदा याच ओळीवरून अर्ज करतात आणि नकार घेऊन बसतात.

पदक कुठल्या वाटेचं

पहिल्या प्रकारची पदकं सेवेच्या तारखांवरच मिळतात. नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडलचे काळ ठरलेले आहेत: २७ जून १९५० ते २७ जुलै १९५४, १ जानेवारी १९६१ ते १४ ऑगस्ट १९७४, २ ऑगस्ट १९९० ते ३० नोव्हेंबर १९९५ आणि १२ सप्टेंबर २००१ ते ३१ डिसेंबर २०२२. इथे तारीख दाखवली की झालं.

दुसऱ्या प्रकारात आदेश निघालेला असतो, फक्त डीडी-२१४ वर चढलेला नसतो. आदेशाची प्रत जोडा, त्यावरचा क्रमांक, तारीख आणि मुख्यालय पत्रात लिहा. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी याच जातीची एक तरतूद आहे जी पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते: ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ मधल्या लढाईसाठी कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज (लढाईतल्या पायदळाचा बिल्ला) किंवा कॉम्बॅट मेडिकल बॅज (लढाईतल्या वैद्यकीय जवानाचा) मिळाल्याचा त्या काळातला आदेश असेल, तर त्यावर ब्राँझ स्टार मेडल मागता येतं.

गुड कंडक्ट मेडल या दोहोंच्या मधलं. त्याला आदेश लागतो, पण रकाना ३८ मध्ये सगळे शेरे ‘एक्सलंट’, रकाना ४४ कोरा आणि कमांडरने नाकारल्याचा कागद फाइलमध्ये कुठेच नाही, अशी स्थिती असेल तर बाजू भक्कम आहे. एरवी त्याला तीन वर्षांची सेवा लागते. २७ जून १९५० नंतर एक वर्षाहून जास्त पण तीनहून कमी सेवा करून सुटलेल्यालाही पहिलं पदक मिळू शकतं.

पर्पल हार्टला शिफारस लागत नाही, पण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: जखम शत्रूच्या कारवाईत झाली, तिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचाराची गरज होती, आणि तो उपचार सरकारी नोंदीत आला. अडतं ते बहुतेक तिसऱ्यावर. अंगावर व्रण आहे, व्हेटरन्स अफेअर्सने अपंगत्वाची टक्केवारीही दिली आहे, तरी तेवढ्याने शत्रूच्या हातून जखम झाल्याचं ठरत नाही. रकाना ४०, इस्पितळाचा कागद, मृत-जखमींच्या यादीतलं नाव, घरी आलेली ‘लढाईत जखमी’ अशी तार, यांतलं जे मिळेल ते एकत्र लावा. सोबत्यांची शपथपत्रं त्यांना जोड म्हणून चांगली, एकटी दुबळी.

शौर्यपदकाची शिफारसच कधी झाली नसेल तर वाट निराळी. अमेरिकी कायदेसंहितेच्या दहाव्या टायटलच्या (भागाच्या) कलम ११३० खाली अमेरिकी काँग्रेसच्या म्हणजे संसदेच्या सदस्यामार्फत प्रस्ताव पाठवता येतो, मग मुदत उलटून गेली तरी तपासणी होते. आर्मीसाठी डीए फॉर्म ६३८ लागतो, शिवाय प्रसंग स्वतः पाहिलेल्यांची निवेदनं आणि त्या वेळच्या कमांडरचा दुजोरा. साक्षीदार थकत चाललेत, तेव्हा फॉर्म नंतर भरा, निवेदनं आधी घ्या.

आधी साधं पत्र, मग मंडळ

पहिल्या दोन प्रकारांसाठी थेट नोंद दुरुस्ती मंडळाकडे धावू नका. जुन्या सैनिकाचा अर्ज सेंट लुईसला, अलीकडच्याचा त्याच्या दलाच्या कार्मिक कार्यालयाला, आर्मीसाठी फोर्ट नॉक्सच्या ह्युमन रिसोर्सेस कमांडला पाठवा. पत्र एका पानाचं असावं. प्रत्येक पदकासाठी एक ओळ, आणि त्या ओळीपुढे कोणत्या कागदाच्या कोणत्या रकान्यावरून ते मागताय हे लिहा. मूळ कागद कधीच पाठवू नका.

इथे नकार आला तर डीडी फॉर्म १४९, म्हणजे मंडळाकडचा अर्ज. प्रत्येक दलाचं नोंद दुरुस्ती मंडळ वेगळं. मरीन कोअरचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे जातात, स्पेस फोर्सचे हवाई दलाच्या, आणि कोस्ट गार्डचं मंडळ होमलँड सिक्युरिटी खात्याखाली. पुष्कळजण चुकून डीडी फॉर्म २९३ भरतात. तो डिस्चार्जचा शेरा बदलण्यासाठी आहे, पदकांशी त्याचा संबंध नाही.

कायद्याने अर्ज चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत करायचा. उशीर झाला तर ‘न्यायाच्या हितासाठी’ मंडळ तो माफ करू शकतं, पण त्यासाठी विचारलेला रकाना कोरा ठेवू नका. आदेशाची प्रत कधी हाती आली, त्याआधी चूक कळणं का शक्य नव्हतं, ते तारखेसह लिहा. मंडळ स्वतः तपास करत नाही. जुन्या नोंदी बरोबरच आहेत असं धरून ते सुरुवात करतं, चूक दाखवण्याचं ओझं अर्जदारावर असतं. म्हणून आधी मिळालेला नकारही जोडा आणि पुराव्यांना क्रमांक द्या. भक्कम मागण्यांत एक लंगडी मागणी घुसडू नका, तिच्यापायी सगळी फाइल रेंगाळते. कायद्यानुसार ९० टक्के प्रकरणं १० महिन्यांत आणि उरलेली १८ महिन्यांत निकाली काढायची असतात, तेव्हा दर महिन्याला पत्र पाठवून काही होत नाही. नकार आला आणि नंतर मंडळापुढे न आलेला पुरावा सापडला, तर फेरविचार मागता येतो. कागदपत्रं लावायला काउंटीचा (जिल्ह्याचा) व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, किंवा अमेरिकन लीजन आणि डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात.

मंजुरी आली की जुना डीडी-२१४ बदलून मिळत नाही, दुरुस्तीचा डीडी-२१५ येतो. तो डीडी-२१४ ला कायमचा जोडून ठेवा. डीडी-२१४ काउंटीत नोंदवला असेल तर हाही तिथे नोंदवा. प्रत्यक्ष पदक वेगळ्या पाकिटातून येतं. पर्पल हार्ट असेल तर व्हेटरन्स अफेअर्सला डीडी-२१५ ची प्रत लगेच द्या, कारण त्यावर आरोग्यसेवेत प्राधान्य गट ३ मिळतो आणि हे बदल आपोआप तिथे पोहोचतील असं धरून चालू नये.