जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीची गळती काढून आतून रंग कसा द्यायचा

मी मिनेसोटात राहतो, इथे दर चार घरांआड कुणाच्या तरी गॅरेजमागे चौदा फुटी रिव्हेटवाली (पत्रे धातूच्या ठोकळ खिळ्यांनी, म्हणजे रिव्हेटनी जोडलेली) बोट उलटी घातलेली दिसते आणि ती थोडीफार गळतेच. आतापर्यंत माझी एक आणि मित्रांच्या तीन केल्या. बोट रिकामी करून धुतलेली आहे असं धरून चालतो. एकच सांगतो, सीटखालचा फोम काढून टाकू नका, बोट भरली तर तिला वर धरतो तो तोच. पाणी पिऊन जड झाला असेल तर नवा भरा.

गळती शोधायला पंक्चरवाल्याच्या उलट करायचं. तो ट्यूब पाण्यात बुडवतो, आपण बोट ट्रेलरवर ठेवून पाणी आत भरायचं आणि खाली वाकून बघायचं. पण काठोकाठ नको हां, चार इंचच पाणी साडेतीनशे-चारशे किलो होतं, तळ वाकेल नाहीतर ट्रेलर बसेल. खालून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करायचा, अर्धा तास थांबायचं, कारण काही रिव्हेट उशिरा रडायला लागतात. थेंब घरंगळत लांब जातो, त्यामुळे फडक्याने पुसून परत बघा नक्की कुठून येतोय.

आता खरी डोकेदुखी.

पहिल्या बोटीला मी दुकानातल्या माणसाचं ऐकून सगळीकडे बाथरूमचं सिलिकॉन फासलं. दोन रविवार छान गेले, तिसऱ्या रविवारी मोजे परत ओले. सिलिकॉन वरून चिकटतं पण रिव्हेट सैल ती सैलच, लाटेचा दणका बसला की हलते आणि सिलिकॉन साल सुटल्यासारखं उचकटतं. आणि खरी शिक्षा पुढच्या वर्षी, रंग मारला तर जिथे जिथे सिलिकॉन होतं तिथे रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटून बाजूला सरकला. खरवडून, घासून, परत पुसून काढण्यात माझे तीन वीकेंड गेले. तेव्हा सिलिकॉन नाही म्हणजे नाही, कुणीही कितीही खात्रीने सांगो.

आधी रिव्हेट घट्ट करायची. याला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या गोल डोक्यावर जड लोखंड घट्ट दाबून धरायचं (आम्ही मोठ्या घणाचं नुसतं डोकं वापरतो), दुसऱ्याने आतून शेपटीवर (रिव्हेटच्या आतल्या, ठोकून चपट्या केलेल्या टोकावर) हातोडीने हलके ठोके द्यायचे. हलके म्हणजे खरंच हलके, पाच-सहा. मी पहिल्यांदा जोर लावला तर पत्र्याला पोचा आला आणि शेजारच्या दोन रिव्हेट सैल झाल्या, म्हणजे एक गळती मिटवून दोन आणल्या. आत-बाहेर एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून बायकोशी ठरवलंय, तिने एकदा ठोकलं की थांब, दोनदा की पुढची. ती म्हणते संसारातही हे चाललं असतं.

जी रिव्हेट फिरतेय किंवा जिचं डोकंच झिजलंय ती ड्रिलने काढून नवी बसवा. पॉप रिव्हेट (एकाच बाजूने हातातल्या गनने बसवायची) चालेल पण बंद टोकाची, अ‍ॅल्युमिनियमची, आणि बसवण्याआधी मरीन सीलंटमध्ये बुडवून. साधी पोकळ पॉप रिव्हेट लावलीत तर तिच्या मधल्या भोकातूनच पाणी येईल.

मग आतून सगळ्या रिव्हेट आणि सांधे पातळ एपॉक्सीने. मी ग्लूव्हिट नावाचं एपॉक्सी वापरतो, मधासारखं वाहतं. धातू कोरडा ठणठणीत हवा, स्टेनलेसच्या ब्रशने घासलेला, साधा लोखंडी ब्रश नको कारण त्याचे कण अडकून गंजतात. हीट गनने सांधा हाताला कोमट लागेल इतकाच तापवून मगच एपॉक्सी लावा, थंड होताना फटीतली हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढलं जातं. दोन-तीन दिवस हात लावू नका. मग परत पाणी भरून तपासा. हा टप्पा सगळे टाळतात आणि रंग झाल्यावर रडतात.

रंग त्यामानाने सोपा. जुना रंग घासण्याआधी शिशाची टेस्ट करा, जुन्या बोटीत असू शकतं, कोरडं घासून धूळ उडवू नका. उघड्या पत्र्यावर हवा लागली की ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि रंग त्याच्यावर नीट टिकत नाही, म्हणून घासलं की त्याच दिवशी सेल्फ-एच (self-etch) प्रायमर, म्हणजे धातू किंचित खाऊन घट्ट धरणारा रंगाखालचा थर. त्याला खायला धातू लागतो, एपॉक्सीवर मारून उपयोग नाही, तिथे नुसतं खरखरीत करून थेट रंग. पातळ दोन हात. तांबं असलेला अँटी-फाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात तो) अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतो, आणि तेच कारण केमिकल मारलेल्या हिरवट प्लायवूडचं, तो फळीला वापरू नका. रंग फिकट करडा घ्या, पांढरा दुपारी डोळे दिपवतो, काळपट अनवाणी पायाला चटका देतो. घसरू नये म्हणून शेवटच्या हातात बारीक वाळू.

आणि मागचा प्लग, म्हणजे बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच. मिनेसोटात बोट रस्त्याने नेताना तो काढलेलाच असावा लागतो, एका तळ्याचे शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून, त्यामुळे पाण्यात उतरवताना लावायचा राहतो. इतकी मेहनत करून मी एकदा तळ्यात उतरवल्यावर घोट्याएवढं पाणी बघून रिव्हेटना शिव्या घालत होतो. तेव्हापासून प्लग गाडीच्या चावीच्या जुडग्यात असतो.