वडी की लिक्विड साबण? आधी या चुका टाळा

वडी चांगली की बाटली हा प्रश्नच अर्धा चुकीचा आहे, कारण आत काय भरलंय त्यावर सगळं ठरतं, घट्ट की पातळ त्यावर नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर हे सांगायला घेतलं की समोरचा म्हणतो, ते राहू द्या भाऊ, भारीतलं कोणतं ते द्या.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते केळीच्या चिकावरून. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात कटाईच्या टोळीतली पोरं संध्याकाळी हात धुतात ते कपड्याच्या पावडरने, वरून तारेची घासणी. असाच एक पोरगा आला, तळहात चिरलेले, म्हणे वडीने हात फाटले, लिक्विड द्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं वडी बिचारी कुठेच नव्हती, पावडरच होती. म्हटलं ती बंद कर आधी. तर म्हणे, "चिक निंघतच नही ना भाऊ." हॅन्डवॉश घेऊन गेला, पावडरही चालूच, आणि परत आला तेव्हा एका चिरेत पू झालेला, मग डॉक्टर, गोळ्या, मजुरी बुडाली ती वेगळीच. अरे कामाला जाताना हाताला तेल चोळ, ग्लोव्हज घाल, परत आल्यावर पुन्हा तेल चोळून फडक्याने पूस, मग साधा साबण. काळा डाग राहिला तर राहू दे, कातडी झडते तसा तो पण जातो. पण नाही, आजच्या आज हात गोरे पाहिजेत.

दुसरं, पाणी. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर चढतो, हे सगळ्यांना माहिती, पण तेच पाणी अंगावर घेताना कोणी विचार करत नाही. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, फेस येत नाही, मग माणूस अजून साबण घासतो, साका अजून बसतो आणि खाज सुटली की म्हणतो उन्हाळा लागला. अशा पाण्याला बॉडीवॉश किंवा सिंडेट बार, म्हणजे सिंथेटिक डिटर्जंटची वडी, बरा, त्याचा साका होत नाही. सिंडेट दिसायला वडीच, पण साबण नसतो. साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ९-१० असतो, कातडीचा ५ च्या आसपास, सिंडेट त्याच्या बराच जवळ. कोरडी कातडी, एक्झिमा असेल तर मी तोच देतो. महाग आहे, मान्य. मग काख, जांघा, पाय एवढ्यालाच लावा, बाकी अंगाला रोज साबण लागतोच कुठे?

वेष्टनावर 'टॉयलेट सोप' आहे की 'बेदिंग बार' ते वाचा. टॉयलेट सोप ग्रेड १ ला टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश, किमान ७६ टक्के लागतो, ग्रेड ३ ला ६०, बेदिंग बारला त्याहून कमी चालतो. पण टीएफएम जास्त म्हणजे कातडीला सौम्य असं समजू नका, ७६ वाला पण अल्कलीच. आणि सिंडेटवर टीएफएम शोधत बसू नका, तो हिशोब त्याला लागू नाही.

हॅन्डवॉश पुरवायला त्यात पाणी ओतणं, ही काटकसर नाही. पाण्याने त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि बाटलीतच जंतू वाढू शकतात. रिफिल पण उरलेल्यावर ओतू नका, बाटली धुऊन, वाळवून मग भरा.

वडी पाण्यात लोळत ठेवू नका, भोकांची साबणदाणी घ्या. जंतू मारणारा साबण रोज अंगाला कशाला? ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचे साबण अमेरिकेने २०१६ मध्येच बाजारातून काढायला लावले. जाळीची घासणी महिनोन्‌महिने बाथरूममध्ये ओली लटकवू नका. बाळाला मोठ्यांचा साबण नको, सुगंधी तर नकोच.

आणि घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर साबण बदलत बसू नका, ती खरूज असू शकते. स्किनच्या डॉक्टरला दाखवा, पाहुण्याने सांगितलेली ट्यूब घ्यायला माझ्याकडे येऊ नका, बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. मेडिकलवाला असून सांगतोय.