चाळीस टक्के म्हणतो आणि बंद पडतो

माझा ब्रेल नोटटेकर, म्हणजे दृष्टिहीनांचं ब्रेलमध्ये लिहिण्या-वाचण्याचं बोलतं यंत्र, "बॅटरी चाळीस टक्के" असं ठणकावून सांगायचा आणि थोड्याच वेळात गप्प. डोळस माणसाला निदान चिन्ह बारीक होताना दिसतं. आपली सगळी भिस्त त्या एका आकड्यावर.

दोष बॅटरीत नव्हता, मोजणीत होता. आतली चिप लिथियम-आयन बॅटरीत किती करंट गेला, किती बाहेर पडला याचा जमाखर्च ठेवते. यंत्र सतत अर्धवट चार्ज होत राहिलं की हिशेबातली बारीकसारीक चूक साठत जाते. मग भरलेली आणि रिकामी ही दोन्ही टोकं चिपला पुन्हा दाखवावी लागतात.

आधी सगळ्या फाइली मेमरी कार्डवर उतरवल्या. शंभर टक्के झाल्यावरही तासदोन तास चार्जर लावूनच ठेवला. मग आपोआप बंद होण्याची सेटिंग काढून एक जाडजूड बोलतं पुस्तक लावून दिलं, यंत्र स्वतःहून बंद पडेपर्यंत. काही तास तसंच राहू दिलं आणि एका दमात पूर्ण चार्ज केलं.

माझ्या यंत्रात चार्ज पूर्ण झाला की दिवा विझतो. खोलीतली ट्यूबलाइट घालवून 'सीइंग एआय' या दृष्टिहीनांसाठीच्या मोबाइल अ‍ॅपमधल्या प्रकाश ओळखण्याच्या सोयीने तो तपासला. उजेड असला की सूर चढतो, विझला की खाली येतो. झकास सोय!

आता आकडा बऱ्यापैकी खरा बोलतो. मात्र याने बॅटरीचं आयुष्य वाढत नाही. उलट वारंवार तळ गाठला तर ती झिजते. त्यामुळे आकडा पुन्हा भरकटला तरच हे करा. एवढं करूनही तो उड्या मारत असेल, तर बॅटरीच म्हातारी झाली असं समजा.